माहेरच्या दिवाळीत सोडलेली मिसरी

आमच्या शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ अशी पाटी आहे. तिच्यावरची अक्षरं मीच रंगवलेली. ज्या दिवशी रंगवली त्या दिवशी सकाळी मी मिसरी लावून शाळेत आले होते, आणि घरी गेल्यावर पुन्हा लावली.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. बोटावर घ्यायची आणि दातांवर घासायची. नाव दात घासण्याचं, पण दात घासायला कुणाला अर्धा तास लागत नाही. आमच्या भागात बऱ्याच बायांचं व्यसन असं दात घासण्याच्या नावाखाली खपून जातं. पुरुष तंबाखू मळतो तेव्हा ती तंबाखू असते. बाई मिसरी लावते तेव्हा ती तोंड धूत असते.

मी नववीत असताना माझी दाढ ठणकायला लागली. मायनं आपल्या डबीतली चिमूटभर काढून दाढेवर दाबली. “जराशी कळ काढ, आत्ता थांबंल.” आणि ठणका खरंच थांबला. त्यानंतर चोवीस वर्षं मी मिसरी लावत राहिले. डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न होऊन परभणीत आले, दोन बाळंतपणं झाली. सकाळी मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नसे, आणि पोट साफ झाल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. इतकं साधं ते गणित होतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मला तिखट सोसेनासं झालं. म्हणजे चव कळायची, पण खालच्या ओठाच्या आत आग व्हायची. दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीण माझ्याहून पुष्कळ लहान होती.

“मॅडम, तंबाखू वगैरे?”

“छे,” मी म्हणाले.

तिनं कापसाचा बोळा माझ्या हिरडीवरून फिरवला आणि माझ्यासमोर धरला. बोळा काळा झाला होता. ती रागावली नाही, हसलीही नाही. आरसा हातात देऊन तिनं ओठ खाली ओढायला सांगितला. आत एक पांढरा, सुरकुतलेला पट्टा होता, दुधावर साय धरावी तसा.

“हा आज कॅन्सर नाही,” ती म्हणाली. “सोडलीत तर बहुतेक जाईल. नाही सोडलीत तर पुढचं मला सांगता येणार नाही.”

मी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत सोडायची. शाळा चालू असताना सोडली असती तर डोकं उठलं की मुलांवर खेकसले असते. घरचे म्हणाले, “सणासुदीचं कशाला? भाऊबीज होऊ दे, मग सोड.” पण ‘मग’ हा शब्द मी फार वर्षं वापरला होता. बाळंतपण होऊ दे, परीक्षा होऊ दे, निवडणुकीची ड्युटी होऊ दे. सुट्टीच्या पहिल्या सकाळी मी डबी मोरीत रिकामी केली आणि बत्त्यानं ठोकून चपटी करून टाकली.

पहिले तीन दिवस वाईट गेले. डोकं कपाळापासून मानेपर्यंत दुखायचं. पोट दगड झालेलं. गरम पाणी प्यायले, ओवा चावला, पहाटे उठून वसमत रोडनं चालून आले. शंकरपाळ्यांचा एक घाणा करपवला आणि त्याचा राग पोरींवर काढला. थोरली धाकटीला म्हणाली, “आईशी काही दिवस बोलू नको.” मला ते ऐकून वाईट वाटलं, पण त्या क्षणी ते बरंही पडलं. तोंड कोरडं पडलं की कडुलिंबाची काडी चावत बसायची. चौथ्या दिवशी पोट साफ झालं तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखा आनंद झाला.

खरी परीक्षा माहेरी होती. पाडव्याला दुपारच्या पॅसेंजरनं आम्ही चुडाव्याला उतरलो. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी माय, वहिनी आणि शेजारची चुलती ओट्यावर मिसरी लावत बसतात. मान जराशी वर, ओठ मिटलेले, आणि तशाच तोंडानं गावभरच्या गोष्टी चालतात. सासरी कुणाला काय झालं, कुणाची सोयरीक मोडली, सगळं मला त्या ओट्यावरच कळायचं. माहेर म्हणजे माझ्यासाठी तो अर्धा तास होता.

भाऊबीजेच्या सकाळी मायनं काचेची बरणी माझ्यापुढं सरकवली.

“तुझ्यासाठी येगळी भाजून ठिवलीय. कडक हाय.”

“माय, मी सोडली.”

“सोडली म्हंजे?”

“लावत न्हाई आता.”

“मंग पोट कसं साफ व्हतंय?” चुलतीनं विचारलं आणि तिघी हसल्या. मीही हसले. वहिनी म्हणाली, “आक्का शिकलेल्या हायत बाई. आमीच राहिलो अडाणी.” ते मला लागलं. मी काडी चावत त्यांच्यातच बसले, पण कुणी नेहमीसारखं बोलेना. माय तर माझ्याकडं बघेचना.

त्या दिवशी ओवाळणं झालं, जेवणावळ झाली, पुरणाच्या वासानं आणि चुलीच्या धगीनं डोकं फुटायला आलं. भांडी आत ठेवायला गेले तर बरणी भिंतीतल्या देवळीत समोरच. मी कधी झाकण उघडलं ते मला आठवत नाही. बोट दातांवर गेलं आणि डोक्यातली कळ एखाद्यानं हातानं काढून घ्यावी तशी गेली. इतकं सुख मला त्या सबंध सणात झालं नव्हतं. मग मी धावत हौदावर गेले आणि चुळा भरत राहिले. वळून बघते तर वहिनी उभी.

“लावली न्हवं?”

खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरणीशी बोललेच होते.

“लावली,” मी म्हणाले.

“मंग आता?”

“आता आज पहिला दिवस.”

तिनं हसायला पाहिजे होतं. पण तिनं तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आजूक एक चूळ भरा. कोपऱ्यात राहिलीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं मला एकटीला गाठलं. ती रात्रभर मनात धरून बसली असावी. “माझ्या हातची मिसरी तुला आता नको झाली का? इतक्या वर्सात कदी नाव ठिवलं न्हाईस.”

मी तिला उन्हात ओट्याच्या कडेला बसवलं, तिचा चष्मा आणून दिला आणि ओठ खाली ओढून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. हळूच बोट लावलं.

“दुखतंय का?”

“आग व्हती.”

“मीच लावली व्हती तुला पयल्यांदा,” ती म्हणाली. “दाढ दुखायली व्हती तुझी.”

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं चष्मा काढला, गालात बोट घालून गाल बाहेर ओढला आणि म्हणाली, “हे बघ बरं. असंच हाय का?”

तसं नव्हतं. पट्टा मोठा होता, कडेला लालसर चिरा होत्या. मी विचारलं, “किती दिस झाले माय?”

“शिमग्याला, हळद काढायच्या टायमाला कळलं. भाकर टोचायली तवा. म्या कुणाला बोलले न्हाई.”

भाऊ म्हणाला, हरभरा पेरून झाला की दवाखान्यात नेतो. मी म्हणाले, उद्याच्या गाडीनं मी नेते. भाऊ माझ्याशी वाद घालायला लागला, तर वहिनी मधेच म्हणाली, “आक्का म्हणायल्यात तर जाऊ द्या त्यास्नी.” त्या घरात तिनं नवऱ्याचं बोलणं तोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

परभणीतल्या त्याच डॉक्टरणीनं मायला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट यायला जितके दिवस लागले तितके आम्ही दोघींनी एकमेकींकडं न बघता काढले. कॅन्सर नव्हता, पण व्हायला फार काही उरलंही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तेवढा भाग कापून काढला. टाके असेपर्यंत माय माझ्याकडं राहिली आणि पेज प्यायली.

तिनं लगेच सोडली असं कुणाला वाटेल. तिच्या लुगड्याच्या गाठीत मला दोनदा पुडी सापडली. दुसऱ्यांदा मी खूप बोलले, बोलायला नको होतं इतकं बोलले. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “चाळीस वर्सं झाली गं. ती कदी रुसली न्हाई माझ्यावर.” मग मी तिच्याशेजारी बसले. माझ्या भाऊबीजेच्या दिवसाची गोष्ट तिला सांगितली. वहिनीनं तिला ती सांगितली नव्हती. त्यानंतर आम्ही सकाळी बरोबर उठून चालायला जायला लागलो. डोकं दुखायला लागलं की ती मला सांगायची, मी तिला. एकमेकींचं काही थांबवता येत नव्हतं, पण सांगता येत होतं.

माझा पट्टा गेला. जिभेला अजून कधी कधी तिथं काहीतरी असल्यासारखं वाटतं; मी आरशात बघते, काही नसतं. माय दर तीन महिन्यांनी तपासायला येते. गेल्या खेपेला डॉक्टरणीनं तिला विचारलं, “आजी, एकदाही नाही?”

माय म्हणाली, “एकदा, पोळ्याला. दुसऱ्या दिशी पुन्ना सोडली.”

त्या खेपेला तिच्याबरोबर वहिनीही आली होती. मायचं तपासून झाल्यावर वहिनी त्याच खुर्चीत जाऊन बसली, पदर सारखा केला, आणि डॉक्टरणीनं काही विचारायच्या आत तिनं तोंड उघडलं.