कोष्ट्याची गाडी

माझ्या मोठ्या भावाला, टिकारामला, बसता येत नसे. पायाला काही झालं होतं असं नाही. पाय धडधाकट होते, आणि तेच तर आमच्या घराचं दुखणं होतं. सत्तेचाळीस साली ब्रह्मदेशातली फौजेची ड्रायव्हरी संपवून तो तिरोड्याला घरी आला, दारात पेटी ठेवली, मायच्या पाया पडला आणि म्हणाला, "जरा ठेसनाकडून येतो." मायने वाढलेलं ताट झाकून ठेवावं लागलं. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्याची ताटं झाकतच होतो.

आम्ही कोष्टी. घरात खड्ड्याचा माग, आणि वडील गेल्यापासून त्या मागावर माय बसायची, धुरपताबाई. मी प्रेमिला, धाकटी, गावच्या शाळेत मास्तरीण. मायला वाटायचं, पोरगा आला, आता खड्ड्यात पाय सोडून बसेल आणि माझी कंबर सुटेल. दादा बसला. चार बोटं कापड विणलं, धोटा बाजूला ठेवला आणि उठून गेला तो बालाघाटला. तिथे कुणाच्या तरी मोटारीवर दोन महिने काढले. परत आला, राजनांदगावला गेला. परत आला, मुलगी पाहायला नेला, तर चहा येण्याआधी उठून अंगणातल्या छकड्याचं चाक हलवून पाहायला लागला. मुलीच्या बापाने मला विचारलं, "पाव्हन्याच्या मागं पोलिस लागला हाय का?" मला इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी दादाशी बोललेच नाही. त्याला ते कळलंही नाही. तो माझ्या दहा पावलं पुढे चालत होता.

घरी असला की तो एकच गोष्ट सांगे. लढाई संपल्यावर रंगूनला त्याच्या हाताखाली जपान्यांच्या पकडलेल्या लॉऱ्या आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर शरण आलेला एक जपानी मिस्त्री. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एकदा दादाने बॉनेटवर बोट ठेवून नुसत्या खुणेनं विचारलं, ही बनवली कोणी? मिस्त्रीने जमिनीवर बसून दोन्ही पाय आळीपाळीने दाबले आणि हात इकडून तिकडे फेकला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, माणूस खुळा झाला. कोष्ट्याच्या पोराला कसं कळणार नाही? तो माग होता, तो धोटा होता. मग मिस्त्रीने बोटांच्या चिमटीत एक धागा धरल्यासारखं केलं, तोडला, आणि लगेच दोन्ही हात वर करून गप्प बसला. मग बॉनेट थोपटलं. दादा ही खूण आम्हाला इतक्या वेळा करून दाखवायचा की शेजारची पोरंही ती करत हिंडायची.

पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की मिस्त्रीने खरंच सांगितलं होतं. ती लॉरी बनवणाऱ्या टोयोटा नावाच्या कंपनीचं मूळ मागात होतं. एका सुताराच्या मुलाने आईला माग ओढताना पाहिलं आणि तिचे कष्ट कमी व्हावेत म्हणून नवा माग केला, असं सांगतात. शेवटी त्याने असा यंत्रमाग केला की एक धागा तुटला की तो आपोआप थांबे, म्हणजे वाईट कापड पुढे विणलंच जाऊ नये. त्या मागाचे हक्क इंग्रज कंपनीला विकले गेले, आणि त्याच्या मुलाने मोटारी करायला घेतल्या. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा आमच्याकडे होती ती फक्त खूण.

माय ते ऐकून हरखली. तिला मोटारीशी देणंघेणं नव्हतं. तिने विचारलं, "कोष्टी होय तो? आपल्यातला होय का? रोटीबेटी चालते का?"

"माय, जपानात होय तो."

"असू दे ना. तिकडं आपले लोक गेले नसतील कायले?"

त्या दिवसापासून आमच्या घरी ती कोष्ट्याची गाडी झाली.

आणि एकोणपन्नास साली त्याच कंपनीची एक लॉरी दादाला गोंदियात दिसली. केशोराव नावाचे लाकडाचे ठेकेदार होते. त्यांनी कलकत्त्याच्या लिलावात लढाईतली वाहनं घाऊक उचलली होती, त्यात ही जपानी लॉरी फुकटात आल्यासारखी आली होती. एका राईस मिलच्या मागे, कोंड्याच्या ढिगात अर्धी बुडून उभी. कोंबड्या आत अंडी घालायच्या. दादा मिलमध्ये हमालीला गेला होता. हमाली तिथेच राहिली आणि हा दोन हातांनी कोंडा उपसत बसला. बसला म्हणजे वाकला.

केशोराव हसले. "अरे भाई, जपानी माल आहे. जत्रेतली खेळणी पाहिली नाहीस का? आज घेतलं, उद्या तुटलं. चालली तर तूच चालव. नाही चालली तर भंगार."

चालली. त्या इंजिनाची ठेवण शेवरलेटच्या इंजिनावर बेतलेली आहे हे दादाला रंगूनपासून माहीत होतं. मोडक्या शेवरलेट बसगाड्यांची गोंदियात वाण नव्हती. तो एकेक भाग घासून, ठोकून बसवत गेला. त्या गाडीत काही लपवलेलं नाही, हे त्याचं तिच्याबद्दलचं मोठं कौतुक. "बॉनेट उघडलं की सारं दिसते, माय. तुझ्या मागासारखं. कुठं काय बिघडलं ते हात घातल्यावर समजते."

मग नागझिऱ्याच्या जंगलातून सागाचे ओंडके तिरोडा स्टेशनच्या सायडिंगला आणायचे, हे त्याचं काम झालं. आणि खरं सांगते, आमच्या घरात हायसं वाटलं. त्याचे पाय दिवसभर पेडलवर असत, म्हणून संध्याकाळी ते जमिनीवर टिकत. तरी जेवताना एक गुडघा हलायचाच. पण ताट झाकावं लागत नव्हतं.

छप्पन साली मात्र केशोरावांचं मन टाटाच्या नव्या ट्रकवर गेलं. दोनदा आमची लॉरी वाटेत अडली होती, एकदा रेल्वेची वॅगन थोडक्यात चुकता चुकता राहिली. वॅगन मिळणं म्हणजे नशीब. दिलेल्या वेळेत भरली नाही तर ती रिकामी निघून जाते आणि पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. केशोरावांनी दादाला सांगून टाकलं, "अब एक बार चुकली ना टिकाराम, तर भंगारवाल्याला देतो."

दादाने घरी येऊन ते सांगितलं, आणि वर म्हणाला, "गाडी गेली तर मी इथं राहत नाही. भिलाईला लोखंडाचा कारखाना बांधून राहिले. ड्रायव्हर पाहिजेत म्हणतात." बोलताना तो उंबऱ्यावर उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. माय मागावर होती. तिने धोटा फेकला, पण तो मधेच अडकला. मला दादाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आणि ऑक्टोबर संपता संपता नेमका फॅनचा पट्टा तुटला. इंजिन थंड ठेवणारा पंखा आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, तो नाही तर गाडी नाही. शेवरलेटचा पट्टा नागपूरला सांगून ठेवला होता, आला नव्हता. दुसऱ्या दिवशी वॅगन. दादा अंगणात येरझाऱ्या घालत होता, तुटका पट्टा हातात गुंडाळत, सोडत.

मायने तो त्याच्या हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला, नखाने खरवडला. आत सुताचे पदर होते.

"हे तर कापड होय," ती म्हणाली.

त्या वेळी मागावर खाटेच्या नवारीचा ताणा, म्हणजे उभे धागे, लागलेले होते, जाड सुताचे. ती खड्ड्यात उतरली. असं ठोकून विणलं तिने की घराच्या फळ्या हादरत होत्या. नवारीच्या चार घड्या घालून मी मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून दिल्या, माझी बोटं सोलली. मग मायने भाताची दाट पेज केली आणि पट्ट्याला खळ दिली, उन्हात भिंतीवर वाळवला. कोष्ट्याच्या घरून खळीशिवाय कापड बाहेर जात नाही, ते हातात कडक वाजलं पाहिजे. आम्हा तिघांपैकी कुणाच्या मनातही दुसरं काही आलं नाही. वाळल्यावर तो पट्टा लाकडासारखा झाला. दादाने तो जागेवर बसवून दोन टोकांना टाके घातले, इंजिन सुरू केलं, आणि पंखा असा फिरला की माय लांबूनच हात जोडून उभी राहिली. तिने विणलं होतं ते पंख्यासाठी नव्हतं. पोरगा घरी राहावा म्हणून विणलं होतं, आणि हे मला तेव्हाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते पतिरामने त्याच संध्याकाळी, दादाच्या आधी आमच्या घरी येऊन, सांगितलं. पतिराम जंगलातल्या पाड्यावरचा गोंड, लाकूडतोड्या, ओंडक्यांवर बसून यायचा.

सकाळी माल भरून ते निघाले. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला सोडलेलं होतं. नहराची, म्हणजे कालव्याची, पाळ एके ठिकाणी फुटून रस्त्यावर गुडघाभर पाणी आलेलं. दादाने गाडी तशीच रेटली. पलीकडे निघाली, पण पंख्याने सगळं पाणी इंजिनावर उडवलं होतं. आणि पट्ट्याची खळ विरघळली. पेज ती पेजच. पट्टा बुळबुळीत होऊन नुसता घसरायला लागला, पंखा थांबला, वाफ यायला लागली.

"मी म्हनलं, हाक ना दादा," पतिराम सांगत होता. "ठेसन किती दूर राहिलं? मालगाडीची शिटी आयकू येऊन राहिली. तापली तर तापू दे, पोचल्यावर थंडी होईल."

पोचली असती. हे दादाही नंतर म्हणाला. इंजिन जळालं असतं, पण लाकूड वॅगनमध्ये पडलं असतं, आणि केशोरावांना इंजिनाचं कळायला आठवडा गेला असता. पुढे पुढे पळायची ज्याला जन्माची सवय, त्याला फक्त पाय दाबायचा होता.

"मंग?"

"मंग काय. त्यानं गाडी बंद केली. दोनी हात असे वर केले. अन् खाली उतरून मोहाच्या झाडाखाली बसला."

"बसला?" मायने विचारलं.

"बसला, मावशी. पट्टा काढला, पान्यात धू धू धुतला, खळ पार काढून टाकली, अन् गरम बॉनेटवर वाळत टाकला. वाळेपर्यंत हल्ला नाही. शिटी वाजत होती तरी हल्ला नाही."

बिनखळीचा पट्टा नीट चालला. दिवे लागणीला लॉरी सायडिंगला आली तेव्हा वॅगन रिकामी निघून गेली होती. केशोराव तिथेच उभे होते. दादा म्हणाला, "शेठ, इंजिन शाबूत आहे, पाहून घ्या."

केशोरावांनी बॉनेट उघडून पट्टा पाहिला. "मायच्या नवारीवर ठेकेदारी चालते काय रे?" म्हणाले आणि चावी मागून घेतली. आठ दिवसांत भंगारवाल्याने लॉरी तोडली. पुढच्याच वर्षी त्या कंपनीच्या मोटारी अमेरिकेत विकायला गेल्या. बातमी कळल्यावर मी मुद्दाम गोंदियाला जाऊन केशोरावांना ती सांगून आले. ते म्हणाले, "अच्छा?" माझं भाडं वाया गेलं, पण मन निवलं.

वॅगन चुकली त्या संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा मायने एवढंच विचारलं, "इंजिन जळला का?"

"नाही."

"धागा तुटल्यावर थांबला?"

"हो."

"बरं केलं." तिने ताट वाढलं. थोड्या वेळाने म्हणाली, "खळ मीच लावली."

"बिनखळीचं कापड तू कधी कोनाले देल्लं, माय?" दादा म्हणाला. त्याचा गुडघा हलत नव्हता. तो पूर्ण जेवेपर्यंत आम्ही दोघी त्या गुडघ्याकडे पाहत होतो, आणि मला वेडी आशा वाटली की आता हा राहील.

नाही राहिला. पहिल्या नोव्हेंबरला आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. दादा म्हणाला, "जिल्हासुद्धा एका जागी बसत नाही, मले काऊन बसवता?" आणि भिलाईला जायला पेटी काढली. मी भांडले. नाही नाही ते बोलले. मायच्या कंबरेचं बोलले, वयाचं बोलले. तो खाली मान घालून पेटी भरत राहिला. माय मधे पडली. "जाऊ दे त्याले, प्रेमिला. थांबायचं तिथं थांबला तो."

स्टेशनवर दुपारची पॅसेंजर आली. गर्दीत दादाच्या बिस्तराची सुतळी तुटली, सतरंजी फलाटावर पसरली. मायने कमरेला खोचलेलं काहीतरी काढलं. नवारीचा दुसरा पट्टा. कोष्टी एकट्या कापडाचा ताणा लावत नाही, जोडीचा लावतो. मागावर जोड उरला होता, तो तिने कधी विणला, कधी शिवला, मला माहीत नव्हतं. लॉरी राहिली असती तर हा तिच्यासाठी होता.

"याले खळ नाही लावली," ती म्हणाली.

मग ती फलाटावर खाली बसली. पोरगा घरी राहावा म्हणून विणलेल्या त्या पट्ट्याने तिने त्याचं बिस्तर आवळून बांधलं, आणि गाठ सुटणार नाही ना, हे दोनदा ओढून पाहिलं.