दोन कॅमेरे आणि एक चिंतामणी साडी

पुण्याच्या एका बाईंनी आमची साडी परत पाठवली. फोनवर निरोप होता: फोटोत निळी दिसली म्हणून मागवली, घरी आली ती जांभळी. साडी चिंतामणी रंगाची होती. उभा धागा जांभळा, आडवा निळा. अंगावर जशी हलेल तसा रंग बदलतो, आणि त्यासाठीच ती नेसायची असते. आमच्या घरातल्या फोनला मात्र त्यातलं फक्त निळं कळत होतं.

बेळगावच्या वडगावात माझ्या माहेरी चार यंत्रमाग आहेत. ते माझा मोठा भाऊ चालवतो. त्याला मी अण्णा म्हणते. पूर्वी साड्या व्यापारी उचलायचे. आता अण्णा फोटो पाठवून थेट विकायला लागला होता. परत आलेली साडी त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "चांगला कॅमेरा घ्यायचा. कुठला ते तू ठरव. तुला इंग्लिश वाचायला येतंय."

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. सासर शहापुरात, माहेरापासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे माहेरची अशी कामं माझ्याकडं आपोआप येतात. आठ दिवसांत सांगते, असं मी म्हटलं.

दोन महिने गेले.

पहिल्या आठवड्यात मिररलेस कॅमेरा म्हणजे काय ते कळलं: ज्याच्या पोटात आरसा नसतो तो. दुसऱ्या आठवड्यात वीस-बावीस कॅमेऱ्यांमधले दोन उरले. एक मोठ्या सेन्सरचा, जड, महाग, बाजारात येऊन काही वर्षं झालेला. दुसरा लहान सेन्सरचा, हलका, नवा, आणि मेगापिक्सेल मात्र पहिल्यापेक्षा जास्त. घरात त्यांना थोरला आणि धाकटा अशी नावं पडली. प्रॅक्टिकलच्या कोऱ्या जर्नलमध्ये मी डाव्या पानावर थोरला आणि उजव्या पानावर धाकटा असं लिहीत गेले. रोज संध्याकाळी परदेशातले दाढीवाले लोक मला व्हिडिओतून कॅमेरे समजावून सांगायचे. ते सगळे कॉफीच्या कपाचा, मांजराचा नाहीतर बायकोचा फोटो काढून दाखवत. साडीचा कुणी काढला नाही. दोन्ही कॅमेरे माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतात, धाकटा तर पक्ष्याचाही ओळखतो, हे मी लाल शाईनं लिहून घेतलं. साडीला डोळा नसतो, हे मला नंतर सुचलं.

या काळात शाळेत मी कॅमेऱ्यातली जाणकार म्हणून प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या सरांना मुलीसाठी कॅमेरा घ्यायचा होता. जर्नल उघडून वीस मिनिटांत मी त्यांचं समाधान केलं. त्यांनी त्याच शनिवारी कॅमेरा घेतला आणि सोमवारी सगळ्यांना मिठाई म्हणून कुंदा वाटला. मी तोवर एकाही मिररलेस कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता.

शेवटी खडेबाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदार फोनवर कुणाशी तरी कानडीत आणि माझ्याशी मराठीत, असं एकाच वेळी बोलत होता. थोरला काचेच्या कपाटात होता. धाकटा मागवावा लागणार होता. मी त्याला सेन्सरवरच्या लो-पास फिल्टरबद्दल विचारलं. त्यानं फोन खाली ठेवला.

"मॅडम, तुम्ही फोटो कशाचे काढणार?"

"साड्यांचे."

"मग दोन्ही चांगले," तो म्हणाला. माझ्या जर्नलकडं बघून त्याला बहुधा दया आली. "निपाणीत माझं एक गिऱ्हाईक हाय. लग्नाचे फोटो काढतोय. त्याच्याकडं दोन्ही हायत. मुहूर्त नसलेला रविवार बघून जावा. मी सांगून ठेवतो."

ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले की साडी घेऊन तेही येणार. आप्पांनी पन्नास वर्षं माग चालवला. आता गुडघ्यांमुळं चालवत नाहीत, पण घरातून बाहेर जाणारी प्रत्येक साडी त्यांच्या हाताखालून जाते.

"मी नेते की, आप्पा. एवढ्या लांब कशाला येताय?"

"तू घडी मोडशील," ते म्हणाले.

निपाणीपर्यंत बसमध्ये त्यांनी साडीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

फोटोग्राफरचा स्टुडिओ एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. माणूस चाळिशीतला, गुबगुबीत, अगदी मनमोकळा. त्यानं चहा मागवला, दोन्ही कॅमेरे टेबलावर मांडले, आणि मी जर्नल बाहेर काढताच म्हणाला, "मॅडम, तुमचा लई अभ्यास झालाय असं कळलं. मला एक सांगा, ह्यातला कुठला इकू?"

त्यालाही ठरवता आलं नव्हतं, म्हणून त्यानं दोन्ही घेतले होते. आता एक विकायचा होता आणि तीन महिने तेही ठरत नव्हतं. बेळगावहून कुणी माहीतगार बाई येणार म्हणून तो वाट बघत होता. मी जर्नल मिटलं.

"आधी साडीचा फोटू तर काढा," आप्पा म्हणाले.

खिडकीच्या उजेडात साडी दोरीवर टाकली. थोरल्यानं काढलेला फोटो मोठ्या पडद्यावर आला. फोटो देखणा होता. पोत असा की हात लावावासा वाटावा. आणि रंग निळा.

"ही माझी साडी न्हाय," आप्पा म्हणाले.

फोटोग्राफरनं सेटिंगमध्ये बरीच खटपट केली. निळ्याचा करडा झाला, करड्याचा पुन्हा निळा. मग त्यानं धाकटा घेतला. धाकट्याचा फोकसचा चौकोन पदरावर इकडंतिकडं फिरला आणि पदरात विणलेल्या मोरापाशी जाऊन थांबला. नेमका डोळ्यावर. त्याला तो खरा पक्षी वाटला होता. तो मोर आप्पांनी स्वतः कागदावर काढून पदरात बसवलेला होता.

"मोर वळकला की त्यानं," आप्पा हळूच म्हणाले. मी त्यांना इतकं खूश बघून बरेच दिवस झाले होते.

पडद्यावर फोटो आला. रंग बरोबर होता. जांभळं आणि निळं दोन्ही. पण अख्ख्या साडीवर, काठापासून पदरापर्यंत, पाण्यावर उठाव्यात तशा वाकड्या लहरी पसरल्या होत्या. आप्पांचा चेहरा उतरला. ते उठले, साडी दोरीवरून काढली आणि खिडकीशी जाऊन बोटांनी चाचपायला लागले.

मला हे माहीत होतं. उजव्या पानावर तारीख घालून लिहिलेलं होतं: ह्याच्या सेन्सरवर लो-पास फिल्टर नाही, बारीक विणीच्या कापडावर लहरी येऊ शकतात. मी आप्पांना समजावलं. दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरल्या की लाटा दिसतात ना, तसंच; कापडाची वीण आणि कॅमेऱ्यातली जाळी एकमेकींवर येतात. साडीत काही नाही. नववीच्या वर्गाला मी हे अगदी छान शिकवते.

फोटोग्राफर दोन पावलं पुढं गेला आणि परत फोटो काढला. लहरी गेल्या.

"बघा, आप्पा. साडी चांगलीच आहे."

"दोन पावलांत जाती ती खोट कसली?" ते म्हणाले. पण साडीवरची नजर काढेनात. "त्याला मोर दिसला. रंग दिसला. मग एवढंच खोटं कसं दिसंल?"

विज्ञानात याचं उत्तर आहे, पण बापाला देता येईल असं नाही. परतीच्या बसमध्ये ते पिशवी छातीशी धरून बसले. निघताना फोटोग्राफरनं पुन्हा विचारलं होतं, कुठला विकू. मी म्हटलं, कळवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी उन्हात चटई टाकली, धागे मोजायचं भिंग घेतलं आणि साडी इंच इंच तपासायला बसले. अण्णानं दोनदा जेवायला बोलावलं. आले नाहीत. मी शाळा सुटल्यावर तिकडं गेले, तर ते चटईवर शांत बसलेले होते आणि त्यांचं बोट काठाच्या एका जागी टेकलेलं होतं.

"हितं बघ."

मी भिंगातून बघितलं. काठाच्या आतल्या बाजूला एक उभा धागा तुटला होता आणि वीतभर तसाच गेला होता. पुण्याच्या बाईंना तो दिसला नव्हता, अण्णाला नाही, मला नाही. आणि दोनदा हात फिरवून आप्पांनाही नाही.

"यंत्र खरं बोलत हुतं," आप्पा म्हणाले.

मी पुन्हा मच्छरदाणीपासून सुरुवात केली. लहरी सगळ्या साडीवर होत्या, धागा एका जागी तुटलाय, दोन्हीचा काही संबंध नाही, आणि काठाचा तो भाग तर फोटोत घडीच्या आत होता. आप्पांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, लहानपणी माझ्या तक्रारी ऐकायचे तसं.

"व्हय," ते म्हणाले. "पण त्यानं दाखवलं म्हणून मी बघितलं का न्हाय?"

एवढं मात्र खरं होतं.

त्याच संध्याकाळी कॅमेरा ठरला. दोन महिने, दोनशे पानांचं जर्नल आणि निपाणीची फेरी एवढं सगळं झाल्यावर खडेबाजारातल्या दुकानातून धाकटा आमच्या घरी आला तो साड्यांतली खोट शोधायला. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला, "रंग बरोबर येतोय न्हवं? मग आपण रंगासाठी घेतला हे आप्पांना सांगत बसू नको." मी निपाणीला फोन करून सांगितलं की आम्ही धाकटा घेतला. "मग मी थोरला इकतो," तो फोटोग्राफर म्हणाला आणि माझे मनापासून आभार मानले. त्यानं कारण विचारलं नाही याचं मला बरं वाटलं.

आता घडी घालण्याआधी प्रत्येक साडीचा फोटो काढायचा, असा आप्पांचा नियम आहे. लहरी आल्या की साडी चटईवर जाते. लहरी जवळजवळ प्रत्येक साडीवर येतात, कारण आमची वीण बारीक आहे. अण्णा कुरकुरतो, पण विक्री वाढली आहे आणि गेल्या कित्येक दिवसांत एकही साडी परत आलेली नाही. आप्पांनी तिसऱ्यांदा तपासलेल्या साडीत परत पाठवण्याजोगं काही उरत नाही.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या बोळातले एक विणकर आले. आप्पांच्याच वयाचे. दोघांमध्ये तरुणपणापासून बारीक कोण विणतं याची चढाओढ, आणि त्यापायी बोलणंही बेताचंच. कॅमेऱ्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी काखेतली साडी पुढं केली.

"हिचाबी एक काढ गं."

मी काढला. लहरी आमच्यापेक्षाही दाट आल्या. आप्पांनी फोटो बघितला आणि आत जाऊन भिंग घेऊन आले. दोघं म्हातारे चटईवर समोरासमोर बसले, साडीचं एक टोक याच्या मांडीवर, एक त्याच्या. चार दिवस झाले, संध्याकाळी ते गृहस्थ येतात आणि दोघं बघत बसतात. अजून काही सापडलेलं नाही. काल मी त्यांना मच्छरदाणीचं उदाहरण सांगायला पुढं झाले, तर अण्णानं माझा दंड धरला.

"राहू दे की," तो म्हणाला. "चहा ठेव दोघांना."