रोझरी आणि दादाचा माइक

चौक गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावरचा कोबा फोडून मी लाद्या बसवल्या, तेव्हापासून दादाने माझ्याशी अबोला धरला. दादा बहारीनला, मी लग्न होऊन शहरात बेव्हर्ली पार्कला, आई आणि मावशी चौकला. आईचा पाय घसरू नये म्हणून खडबडीत लाद्या मी स्वतः निवडल्या होत्या. पण थोरल्याला विचारलं नाही, हा गुन्हा. माझाही स्वभाव असा, की चुकलं म्हणण्यापेक्षा मी दुसरा ओटा फोडीन.

आईला हे सलत होतं. ‘तुम्ही बोललात की मी सुखानं डोळे मिटीन,’ असं ती धडधाकट तब्येतीने रोज सांगायची. शेवटी तिने युक्ती काढली. संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर म्हणायची. रोझरीत एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी. म्हणजे मी सुरू केली की दादाला पुरी करावीच लागणार. देवाच्या कामात अबोला चालत नाही.

फोन तिने घरातल्या वेदीवरच ठेवला, मूर्तींच्या शेजारी. त्यामुळे दादा आणि मी थेट संतांच्या ओळीत जाऊन बसलो. दोघांत तशी पात्रता एकाचीच होती, असं माझं मत. बहारीनचा आवाज नेहमी दोन शब्द मागे. आम्ही आमेन म्हणून पुढे निघालो की दादाचा आमेन मागून धापा टाकत यायचा, आणि मावशी गोंधळून त्यालाही उत्तर द्यायची.

पण माझी पाळी आली की दादा माइक बंद करायचा. नुसते ओठ हलायचे.

“त्याचा आवाज कुठं हाय?” आई विचारायची.

“नेटवर्क न्हाय तिथं,” मावशी सांगायची. माइकवरची लाल खूण मला दिसायची. आईचा जीव तुटेल म्हणून मी गप्प बसायचे.

रोझरी संपली की धाकट्यांनी हात जोडून थोरल्यांकडे आशीर्वाद मागायचा, ही आमच्याकडची रीत. रीत म्हणजे काही बोलणं नव्हे, म्हणून मी मागायचे. दादाचे ओठ हलायचे. “दिला ना गं त्यानं?” आई विचारायची. “दिला,” मी म्हणायचे. हळूहळू मलाही वाटायला लागलं, की देत असेल. त्या वाटण्याने मला फार बरं वाटायचं.

एका संध्याकाळी त्याचा फोन बिघडला म्हणून तो वहिनीच्या फोनवरून आला. बटण भलतंच दाबलं असावं. मी हात जोडले आणि स्वच्छ ऐकू आलं, “आधी त्या लाद्या काढ, मग माग.”

मावशीचा क्रूसाची खूण करणारा हात कपाळावरच थांबला.

“रोज हेच म्हणत होतास?” माझ्या तोंडून निघून गेलं.

दादा म्हणाला, “रोज न्हाय. रविवारी आशीर्वाद द्यायचो.”

“काढायच्या तर स्वतः ये, पहार घेऊन.”

“येतो नाताळात. माझं घर न्हाय का ते? विचारलं असतंस तर मी नको म्हणालो असतो?”

मी आणखी जोरात भांडले. तोही भांडला. त्याचं प्रत्येक उत्तर दोन शब्द उशिरा येत होतं, तोवर मी पुढचं बोलून मोकळी.

मावशी घाबरली. “बंद करू का गं हे?”

“हात लावू नको,” आई म्हणाली, आणि खुर्ची वेदीजवळ ओढून ऐकत बसली.