गीतांजलीची रवंथ करणारी गाय

आमच्या लातूरच्या घराच्या माडीवर गीतांजली राहायला आली ती दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि घरच्या ज्वारीची पिशवी घेऊन. मूळची ती नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीकडची. घरी शेती आणि दावणीला गाई. काही वर्षे पुण्याच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिल्यावर तिने ठरवले, की आता हेच काम आपल्या भागातल्या लोकांसाठी करायचे आणि इथेच राहायचे. तिच्या वडिलांना, पिराजींना, हे मुळीच पटले नव्हते. संक्रांतीपर्यंत एक तरी काम उभे करून दाखव, नाहीतर पुण्याची नोकरी परत धर, असे त्यांनी तिला बजावले होते.

ती बोलायला फटकळ आणि हसायला मोकळी. विचार कुठे अडला की धडधडत जिना उतरायची आणि स्वयंपाकघरात येऊन बसायची. "काकू, लसूण द्या सोलायला. डोकं चालंना." ती आल्यापासून आमच्याकडे सोललेला लसूण शेजारीपाजारी वाटण्याइतका साठू लागला.

तिला पहिले काम मिळाले ते देवणी गाई पाळणाऱ्यांच्या संघाचे. प्रत्येक गाईची आई, आजी, पणजी, त्यांचे दूध, त्यांची वासरे ही सगळी माहिती कॉम्प्युटरवर ठेवायची. जनावरांच्या प्रदर्शनात गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला की तिच्या वंशावळीचा दाखला छापून यायला हवा. माहिती भरपूर आणि संघाचा कॉम्प्युटर जुना, त्यामुळे दाखला निघायला थोडा वेळ लागे. तेवढा वेळ पडदा अगदी निश्चल दिसायचा.

संघाच्या देवणी गावातल्या कार्यालयात तो कॉम्प्युटर महादेवी चालवायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. पडदा हलेना असे दिसले की अक्का सरळ भिंतीवरचे बटण बंद करत. काम अर्ध्यावर तुटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संघाचे अध्यक्ष राजशेखरअण्णा शेवटी म्हणाले, "पोरी, प्रदर्शनात असं अडलं तर मंडपात आमची इज्जत जाईल. त्या दिवशी चाललं तर ठेवू, न्हाई तर काढून टाकू."

प्रदर्शन संक्रांतीच्या तोंडावरच होते. म्हणजे हे काम गेले की गीतांजली पुण्याला गेलीच. ती तणतणत देवणीला निघाली. मला घरी काही काम नव्हते, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले.

"अक्का, ते बंद पडलेलं नसतं हो. आत काम चालू असतं."

"मला कसं कळावं? हूं न्हाई की चूं न्हाई."

"जरा सबर करायचा."

"मेलेल्यापुढं सबर करून ते काय उठून बसतंय?" अक्का म्हणाल्या. मला हसू आवरेना. "तुझ्या घरी गाई हायत म्हणतेस ना? गाय बसलेली दिसली तर काय बघतेस तू?"

"तोंड हलतंय का ते. रवंथ करत असली तर बरी हाय. तोंड थांबलं की डॉक्टरला फोन."

एवढे बोलली आणि गीतांजली ताडकन उठली. मग पर्स उचलून म्हणाली, "काकू, चला घरी."

"अगं बये, च्या तरी पिऊन जा!" अक्का मागून ओरडल्या.

घरी येऊन तिने पडद्यासाठी एक गाय काढली. पांढरे अंग, त्यावर काळे ठिपके, काळे तोंड, लोंबते कान. गाय निवांत बसलेली आणि खालचा जबडा इकडून तिकडे फिरतोय. खाली अक्षरे येत: आईची माहिती शोधत आहे, आजीची माहिती शोधत आहे. आम्ही मोठ्या उत्साहाने ती देवणीला नेली. अक्कांनी नंबर टाकला. गाईने थोडी रवंथ केली आणि जबडा वाकडा ठेवून ती थिजली.

"अगं बया! गाय आजारी पडली!" अक्कांचा हात भिंतीकडे गेला आणि बटण बंद.

परतीच्या एसटीत गीतांजली आधी रुसून बसली, मग आपणहून हसायला लागली. मी विचारले, बिघडले कुठे?

"काकू, समजा घरात बाई एकटीच हाय. पुऱ्या तिनंच तळायच्या आणि दारातल्या पाहुण्यांना 'बसा, होतंच आलंय' हेही तिनंच सांगायचं. कढईपासून हलता येत नाही. पाहुण्यांना वाटतं, घरात कुणी नाहीच."

"मग दुसरी बाई हवी."

"तेच करणार हाय."

तिने शोधण्याचे काम मागच्या बाजूला वेगळे नेले आणि पुढच्या बाजूला फक्त गाय सांभाळायला ठेवली. मी म्हटले, मग गाईचा जबडा नुसता फिरत ठेव की, कोण विचारतंय! तर माझ्यावरच डाफरली. "ती फसवणूक झाली. आतलं काम खरंच थांबलं तर गाईचं तोंडही थांबलं पाहिजे." मागून कामाची खबर येत राहील तोवरच जबडा हलेल, अशी तिने व्यवस्था केली. त्या आठवड्यात लसूण संपला, मग तिने शेंगाही सोलून दिल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी मंडपात धूळ, हंबरणे आणि माणसांची दाटी. व्यंकटी नावाच्या शेतकऱ्याने सगळ्यात आधी आपल्या गाईचा नंबर सांगितला. अक्कांनी तो टाकला. पडद्यावर गाय रवंथ करू लागली आणि ती बघायला मागची माणसे पुढे सरकली.

"शिंगं लईच वर गेली की."

"ठिपके बघ, देवणीतली शेवेरा जात हाय ही."

"कशाची शेवेरा! तोंड काळं हाय, वानेरा म्हण."

व्यंकटीला मात्र धीर निघेना. "अक्का, अडकलं वाटतं. बंद करून चालू करा." म्हणत त्याने बटणांच्या बोर्डाकडे हात नेला. गीतांजलीने माझा दंड इतका घट्ट धरला की मी कळवळले.

अक्कांनी त्याच्या हातावर फाटकन चापटी मारली. "हात काढ! रवंथ चालू हाय, दिसंना का?"

खाली अक्षरे उमटली, पणजीची माहिती शोधत आहे. "पणजीपर्यंत गेली रे!" कुणीतरी ओरडले, आणि प्रिंटर करकरत सुरू झाला. मंडपात टाळ्या पडल्या. दुपारपर्यंत दाखले निघतच राहिले. ज्यांच्याकडे फक्त म्हशी होत्या तेही ती गाय बघायला रांगेत उभे होते.

राजशेखरअण्णा येऊन म्हणाले, "राहू दे प्रोग्रॅम. उदगीर आणि निलंग्याच्या हापिसातबी बसवून दे. तेवढी शिंगं जरा खाली घे."

तिने तिथूनच वडिलांना फोन लावला आणि एका दमात सगळे सांगितले. त्यांना नीट ऐकू यावे म्हणून स्पीकर लावला होता. पिराजींनी सगळे ऐकून घेतले. मग आवाज आला, "देवणीवाल्यांची गाय काढलीस, लई झ्याक केलंस. आपल्या नांदेडची लालकंधारी गाय कवा काढणार? का ती कुणाची न्हाई?"

"काढते की दादा!" ती म्हणाली, आणि मंडपाच्या खांबाला टेकून डोळे पुसत हसत सुटली.