वाकावरचा लाल पट्टा

अकोल्याच्या एमआयडीसीत पाइप वाकवून रेलिंग आणि गेट बनवणारं एक वर्कशॉप आहे. तिथे मी अकरा वर्षं ड्रॉइंग काढते. वस्तू आधी कॉम्प्युटरवर उभी करायची, मग कागदावर उतरवून खाली शेडमध्ये द्यायची, हे माझं काम. माहेर तिवस्याचं. अमरावतीला पॉलिटेक्निकला होते तेव्हा मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. ‘नाही’ म्हणायची सवय मला तिथेच लागली, आणि ती सुटावी असं मला कधी वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका शाळेचं काम आलं. तिथे अगदी कमी दिसणारी मुलं शिकतात. त्यांच्या जिन्याला नवं रेलिंग हवं होतं. सरळ भागावर पिवळे-काळे पट्टे आणि जिना वळतो त्याच्या एक वीत आधीपासून रुंद लाल पट्टा. रंग मुलांनाच दाखवून ठरवले होते. पुढे वळण आहे हे मुलाला वळणाच्या आधी कळलं पाहिजे, असं शाळेच्या बाईंनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. काम आमच्याकडे आलं ते पुण्याच्या एका आर्किटेक्टकडून.

मी कॉम्प्युटरवर पाइप वाकवला आणि सगळे करतात तसं पट्ट्यांचं तयार चित्र त्याच्यावर चिकटवलं. सरळ भागावर ते छान बसलं. वाकाशी येताच बिघडलं. बाहेरच्या बाजूला पट्टे ताणले गेले, आतल्या बाजूला एकमेकांत घुसले आणि लाल पट्टा सरकत सरकत वळणाच्या पलीकडे गेला. म्हणजे मूल आधी वळणावर धडकणार आणि मग त्याला लाल दिसणार.

व्हिडिओ कॉलवर आर्किटेक्ट म्हणाले, “छान दिसतंय की. पाठवून द्या.”

“सर, लाल पट्टा वळण संपल्यावर येतोय.”

“अहो मॅडम, ते नुसतं चित्र आहे. पेंटर साइटवर बघून घेईल.”

“पेंटरला हेच चित्र मिळणार आहे. तो दुसरं काय बघणार?”

ते हसले. “तुमच्याकडे जमत नसेल तर तसं सांगा. मी इथून करून घेतो. एवढ्या खोलात जायची सवय नसते तिकडे, माहितेय मला.”

‘तिकडे’ हा शब्द मला चांगलाच झोंबला. मालक शेजारीच उभे होते. फोन बंद झाल्यावर म्हणाले, “ताई, कावून अडून राहिल्या? देऊन टाका ना. त्यायले पसंत हाय.”

“भाऊ, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझं नाव हाय. उद्या लेकरू पडलं तं मी काय सांगू? दोन दिवस द्या मले.”

“अन् नाई जमलं तं?”

“तं मग दुसऱ्या कोनाचं नाव टाका तिथं.”

पहिला दिवस वाया गेला. पाइपला सरळ उभे काप देऊन पाहिले, तर वाकावर सगळे पट्टे तिरके झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी चिडून खाली शेडमध्ये गेले. आमचे रंगारी चाचा गेटला अस्तर मारत होते. त्यांना अडचण सांगितली. ते माझ्या आधीपासून तिथे काम करतात. ब्रश डब्यावर आडवा ठेवून ते म्हणाले, “बेटी, मले आधी हे सांग, वाकावर पट्टा मोजू कुठून? आतून का भायेरून? आतून मोजला तं भायेर मोठा होते, भायेरून मोजला तं आत बारीक होते.”

मी तशीच वर पळाले. मोजायचं आतूनही नव्हतं आणि बाहेरूनही नव्हतं. मोजायचं होतं पाइपच्या बरोब्बर मधून जाणाऱ्या रेषेवर. ती रेषा काढली, तिच्यावर सारख्या अंतरावर खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी रेषेला काटकोनात काप दिला, वाकड्या काकडीच्या चकत्या कराव्यात तसा. आता प्रत्येक पट्टा हा स्वतंत्र पृष्ठभाग झाला आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा रंग देता आला. वाकावर पट्टे पंख्यासारखे उघडले, बाहेर रुंद आणि आत अरुंद. लाल पट्टा वळणाच्या एक वीत आधी सुरू झाला. चाचांसाठी मी प्रत्येक पट्ट्याची आतली आणि बाहेरची अशी दोन्ही मापं लिहून दिली.

ड्रॉइंग पाहून आर्किटेक्टचा पुन्हा फोन आला. “लाल पट्टा वळणाच्या मध्यावर घ्या. समतोल दिसेल.”

“नाही घेणार,” मी म्हटलं. “शाळेचं पत्र वाचा.”

“मालकांना द्या फोन.”

मी दिला. मालकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. शेवटी ते म्हणाले, “साहेब, आमची ताई म्हनते तसंच होईन. तिले समजते त्यातलं.” फोन परत देऊन ते खाली शेडमध्ये गेले.

रेलिंग बसवलं त्या दिवशी चाचा आणि मी अमरावतीला गेलो. बाईंनी सहावीतल्या एका मुलीला वरच्या मजल्यावरून एकटीला उतरायला सांगितलं. पाइपच्या अगदी जवळ चेहरा नेत ती भराभर उतरली, लाल पट्ट्याशी थांबली, पायाने पायरी चाचपली आणि वळली. खाली येऊन बाईंना म्हणाली, “लाल बरा हाय. पन पिवळा लय चमकून राहिला, डोयाले लागते.”

तिचं बरोबर होतं. रंगाच्या चकाकीचा विचार मी केलाच नव्हता. चाचांनी पुढच्या आठवड्यात जाऊन पिवळे पट्टे बिनचकाकीच्या रंगाने पुन्हा मारले.

गेल्या महिन्यात त्याच आर्किटेक्टचा मेसेज आला. दुसऱ्या एका इमारतीसाठी असेच पट्टे हवे आहेत, तुमची मूळ फाइल पाठवाल का? मी लिहिलं, फाइल मिळणार नाही. काम द्या, करून देते. शिकायचं असेल तर अकोल्याला या, शेजारी बसवून शिकवते.