नवव्या ढगाची धूळ

मौलाली मुजावर कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर होते. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट पक्की ओळखली होती : वरचा माणूस गोड बोलू लागला की आपले काहीतरी गेलेले असते. म्हणूनच १९८५च्या जूनमध्ये विभागप्रमुख हंबीरराव सरांनी स्वतःहून चहा मागवला, तेव्हा मौलाली सावध झाले.

फुग्याला बांधून आकाशात सोडलेल्या दुर्बिणीचे आलेख सरांच्या ओळखीने महाविद्यालयात आले होते. तारे जिथे जन्मतात अशा सतरा ढगांतल्या धुळीचे तापमान काढायचे, आणि त्यावरून तिचे वस्तुमान. दोन तरंगलांबींवरच्या तेजाचे गुणोत्तर मांडत मौलालींनी दोन वर्षे ते काम केले. त्यावर सर लिहिणार असलेल्या शोधनिबंधावर नाव लागले, तरच त्यांना अधिव्याख्याता होता येणार होते.

चहानंतर त्यांनी टंकलेखकाच्या टेबलावरची निबंधाची प्रत गुपचूप चाळली. नवव्या ढगाचे तापमान त्यांनी पंचेचाळीस केल्विन काढले होते. तिथे अठ्ठावीस होते आणि वस्तुमान सातपट. पहिल्या पानावर एकटे हंबीरराव. मौलाली शेवटी, आभारांत. आकडे फुगवले आणि साक्षीदार हटवला, असा अर्थ लावून त्यांनी विद्यापीठाच्या नावे तक्रार लिहिली.

घरी ती वडिलांना, बादशहा मुजावरांना, वाचून दाखवली. बादशहांची हयात उद्यमनगरात लोखंडाच्या भट्टीसमोर गेलेली. भट्टीच्या भोकातून रंग पाहून ते ताव, म्हणजे आतली उष्णता, सांगत.

"त्या ढगाचा ताव मोजलास कुठं?"

"मधोमध. तेज तिथंच जास्त."

"म्हंजे भोकातनं बघिटलंस की. कडंचा माल थंड असतोय. थंड माल उजेड कमी देतोय, पर वजनाला त्योच जास्त."

"अब्बा, तुम्ही सरांची बाजू घेताय."

"म्या भट्टीची बाजू घेतोय. सर कोण, मला ठावं न्हाय."

मौलालींनी नवव्या ढगाचा आलेख पुन्हा मांडला. बाकीचे ढग लहान होते, दुर्बिणीच्या नजरेत सबंध मावत होते. नववा पसरट, त्याच्या कडेची धूळ त्यांनी मोजलीच नव्हती. ती धरून उत्तर आले अठ्ठावीस.

मग सरांनी चूक सांगितली का नाही? सांगितली असती, तर ती मौलालींनीच सुधारली असती, आणि मग नाव द्यावे लागले असते.

जुनी तक्रार त्यांनी फाडली. नवी तीन ओळींची झाली : ‘आकडे बरोबर आहेत. सोळा माझे, एक सरांनी सुधारलेला. माझे नाव कोठे आहे?’

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या खिडकीवर शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. शिक्क्यावरची तारीखही त्यांनी दोनदा वाचली.