करंट जाणारी काच

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रोह्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि पीएचडीपायी पुरती मेटाकुटीला आले होते. तापलेल्या काचेवर टिनच्या क्षाराचं पाणी फवारायचं, की तिच्यावर केसाहून कितीतरी पातळ थर बसतो. आरपार दिसणारा, तरी वीज वाहून नेणारा. बसतो म्हणे! माझा चार वर्षांत धड बसला नव्हता. सोमवारी गाइडना चांगले नमुने दाखवले नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द होणार होतं, आणि नेमका शुक्रवारी लॅबमधला काचेचा फवारा फुटला.

माझे बाबा हमरापूरला गणपती रंगवायचे. ऐन सीझन, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तरी त्यांनी आपली स्प्रेगन काढून दिली.

"ने गो. मी दोन दिस ब्रशवर भागवतो."

शनिवारी गन पाण्याने खळखळून धुतली आणि फवारायला बसले. काच थंड झाली की तिच्यावर मीटरच्या पिना टेकवायच्या. काटा ढिम्म हलेना! थर पांढुरका, डागाळलेला, नखाने निघणारा. रविवारीही तेच. शेवटची काच वाया गेली तेव्हा मी चक्क हुंदके देत होते. शिपाई बिचारा दारात घुटमळला. "मॅडम, खिडक्या उघडू का? गनला रॉकेलचा वास किती मारतोय!"

मला तो आलाच नव्हता. कसा येणार? रॉकेलात ब्रश धुणाऱ्या घरात वाढलेली मी. त्या तेलकटपणानेच माझे सगळे थर नासले होते.

गाडीत कासू स्टेशन येईपर्यंत बाबांना काय काय सुनावायचं ते मनात ठरलं होतं. शेडमध्ये शिरले ती भांडायलाच. "गन रॉकेलनं धुतली होतीत?"

"व्हय तर! दोनदा धुतली. तुझं काम चोख व्हाया नको?" ब्रश धरून धरून त्यांची बोटं सुजली होती. "झालं ना गो? जातो काय करंट काचेतनं?"

"जातो," मी म्हणाले.

भांडताना दाखवायला आणलेल्या नासलेल्या काचांतली एक त्यांनी मागून घेतली आणि शेडमधल्या देव्हाऱ्यात ठेवली. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, "माझ्या पोरीनं केली. हिच्यातनं करंट जातो."

रजिस्ट्रेशन गेलं. बाबा गेले तोवर मी त्यांना ते सांगितलं नाही.